खुंट्याचा उजवा हात

सोमवारच्या पेपरात खेळाच्या पानावर तो फोटो आला. त्यात समोरच्या संघाचा फॉरवर्ड रिकाम्या गोलकडे चेंडू ढकलतोय, आपला गोलकीपर उताणा पडलाय, आणि थोडं मागे चार नंबरची जर्सी घातलेला एक धिप्पाड गडी जागच्या जागी उभा आहे. उजवा हात सरळ आभाळात. चेहऱ्यावर खात्री तर अशी की विचारू नका. चेंडू जाळ्यात चाललाय आणि हा जणू वर्गात उत्तर द्यायला उभा राहिलाय.

चार नंबर म्हणजे खुंटा. हे नाव त्याला पंधराव्या वर्षी मिळालं. पहिल्या दिवशी तेव्हाच्या कोचने त्याला गोलसमोर उभं केलं, "मी सांगेपर्यंत हलू नकोस," म्हणाला आणि विसरून गेला. सराव संपला, पोरं आंघोळी करून घरी गेली, माळी पाण्याचे पाइप गुंडाळायला आला, तरी हा तिथेच. "अरे, हा तर खुंटाच ठोकलाय इथे," असं माळी म्हणाला, आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याच क्लबकडून तो अठरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला. नाक दोनदा मोडलं, समोरचे तीन दात पोटात गेले, डाव्या गुडघ्याला टाके पडले. कारकिर्दीत गोल नऊ, त्यातले दोन स्वतःच्याच जाळ्यात.

बचावपटूचा जन्मच मेला असा. फॉरवर्ड ऐंशी मिनिटं मैदानात फिरायला आल्यासारखा हिंडतो, एक गोल मारतो आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. बचावपटू एकोणनव्वद मिनिटं डोळ्यात तेल घालून उभा असतो. एकदा पापणी लवली की अठरा वर्षांवर पाणी.

आता ऑफसाइड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एवढा भाग खुशाल गाळावा. बचावाचे चौघे साधारण एका ओळीत उभे असतात. समोरच्या गड्याला पास दिला जातो त्या क्षणी तो या ओळीच्या मागे, गोलच्या बाजूला सापडला, तर तो ऑफसाइड, आणि त्याने केलेला गोल बाद. म्हणून हे चौघे कधीकधी ठरवून एकदम दोन पावलं पुढे सरकतात आणि त्याला मागे उघडा पाडतात. मग लाइनमन झेंडा वर करतो. ते काम लाइनमनचं. खेळाडूने हात वर केला, त्याला नियमात कवडीची किंमत नाही.

पण सव्विसाव्या वर्षी एकदा खुंट्याने असाच हात वर केला, लाइनमनने त्याच्याकडे बघून झेंडा वर केला आणि झालेला गोल रद्द झाला. तिथून हाताला चटक लागली. पुढे पुढे पाय मंदावत गेले तसतसा हात चपळ होत गेला. फॉरवर्डच्या मागे चाळीस पावलं धावण्यापेक्षा हात वर करणं सोपं, हे खुंट्याने स्वतःशी कधी कबूल केलं नाही. शरीराने मात्र ते परस्पर ठरवून टाकलं होतं.

फोटो आल्यावर तीन दिवस तो घरात एकच धोशा लावून बसला. "ऑफसाइड होता. शंभर टक्के होता. त्या लाइनमनला तुझ्याकडे पाठवतो मी."

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला, सामन्याचं चित्रीकरण लावलं आणि पास निघतो तिथे थांबवलं. मग मुलीच्या दप्तरातली फूटपट्टी काढून पडद्यावर आडवी धरली.

"हा त्यांचा गडी. बरोबर?"

"बरोबर. ऑफसाइड."

"आणि त्याच्याही मागे ही टाच कुणाची आहे?"

"असेल कुणाची तरी. डावीकडच्या त्या गाढवाची."

"नीट बघ. नाडी टाचेमागून वेढा देऊन बांधलीय. तुमच्या संघात नाडी अशी कोण बांधतं?"

खुंट्याने बघितलं. चष्मा लागत नव्हता, हेच वाईट. टाच त्याची स्वतःची होती. बाकीचे तिघे वेळेवर पुढे सरकले होते. हा एकटा अर्धं पाऊल मागे राहिला होता आणि तिथूनच हात वर करून उभा होता. म्हणजे दार आपणच उघडं टाकायचं आणि आपणच चोर चोर म्हणून ओरडायचं.

"मला सांगायचं नव्हतं," बायको म्हणाली. "पण तू त्या लाइनमनच्या सात पिढ्या उद्धरायला निघालास."

तेवढ्यात मुलगी बूट घालून आली. तिसरीत होती. दोन दिवस ती काही बोलली नव्हती, आज बोलली. वर्गातली मुलं तिला बघून हात वर करायची आणि म्हणायची, "मॅडम, जाऊ का?" मग सगळा वर्ग हसायचा.

"बाबा, तू हात का वर केला होतास?"

अठरा वर्षांत पत्रकारांनी त्याला खूप काही विचारलं होतं आणि त्याने खूप काही ठोकून दिलं होतं. आज त्याने फक्त लॅपटॉप मिटला.

"चुकलं," तो म्हणाला.

"मग परत नको करूस," ती म्हणाली आणि दप्तर उचलून निघाली. तिच्या दृष्टीने विषय संपला.

त्याच दुपारी कोचने त्याला खोलीत बोलावलं. कोच एके काळी त्याच्याच शेजारी खेळलेला, त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा. म्हणून तो उगाच गोलगोल बोलला नाही.

"खुंट्या, पुढच्या मोसमाच्या यादीत तुझं नाव नाही. आणि हा मोसम संपेपर्यंत तू राखीव. तुझ्या जागी शिडी खेळेल."

शिडी म्हणजे एकवीस वर्षांचा, सहा फूट चार इंचांचा नवा बचावपटू. चांगला होता. खुंट्यानेच त्याला दोन वर्षं शिकवलं होतं.

"गुडघ्यामुळे?"

"गुडघा चालतोय रे. तुझा हात पायाच्या आधी उठतो. बाकीचे तिघे तुझा हात बघतात आणि थांबतात. एकटा तू नाही, चौघंही थांबता."

खुंटा उठला. दाराशी जाऊन परत वळला.

"किती आठवडे आहेत?"

"नऊ."

"सरावाला येऊ ना?"

"ये की. पण आशा लावून येऊ नकोस."

आशा वगैरे खुंट्याला कधी जमली नव्हती. त्याला एक गोष्ट जमायची, ती म्हणजे ठरवलं की न हलणं. निरोप घ्यायचाच आहे तर घेऊ, पण त्या फोटोतला माणूस म्हणून नाही. मैदानावर एकदा उतरायचं, मग पाच मिनिटं का होईना, आणि हात खाली ठेवून बाहेर यायचं. इतकंच त्याला हवं होतं. घरी बायको म्हणाली, "सोड ना आता. लोक विसरतील." तो म्हणाला, "लोक विसरतील गं. मी नाही विसरणार."

ठरवणं वेगळं आणि हाताला समजावणं वेगळं. पहिल्याच सरावात चेंडू डोक्यावरून गेला आणि हात वर. दुसऱ्यांदा गेला, परत वर. त्याने स्वतःला शिक्षा लावली. हात उठला की गोलपर्यंत दहा फेऱ्या. दोन दिवसांत फेऱ्या मारून पाय भरून आले आणि हात होता तिथेच, म्हणजे वर.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली क्लबची धुलाईची खोली होती. चार मशीन, त्यातलं एक कायम गळणारं, भिंतीवर नंबर लिहिलेले खिळे, इस्त्रीची वाफ. तिथे मावशी. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण अख्खा संघ तिला मावशीच म्हणायचा. कॉलरला सदैव दोन सुया टोचलेल्या आणि तोंड कात्रीपेक्षा धारदार. खुंटा जर्सी टाकायला गेला तेव्हा तिने ती उलटी करून उजव्या काखेत बोट घातलं. बोट आरपार.

"परत उसवली," ती म्हणाली. "आठ वर्षं तुझी ही एकच काख शिवतेय मी. डावी बाजू नवीकोरी. मला आधी वाटायचं कापड कच्चं आहे. मग एकदा मॅच बघायला वर आले तेव्हा कळलं, कापड चांगलंय, माणूस कच्चा आहे."

"आठ वर्षं ठाऊक होतं तर बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तुम्ही खेळाडू. मी आपली धुणंवाली."

खुंटा पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला. "मावशी, हा हात बांधून टाकता येईल का गं?"

मावशीने त्याच्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि खिळ्यावरची लांब बाह्यांची एक जुनी सरावाची जर्सी ओढली. जाड दोरा घेऊन तिने उजवी बाही काखेपासून कोपरापर्यंत जर्सीच्या कडेलाच शिवून टाकली. "घाल. आता उचलून दाखव."

उचलता येईना. कोपराखालचा हात तेवढा लोंबत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो तसा मैदानात आला आणि पोरांची हसून हसून पुरेवाट झाली. कुणी विचारलं, "दादा, मुरगळला की दुमडला?" कुणी म्हणालं, घडी घालून कपाटात ठेवा. शिडीसुद्धा हसला. चेंडू आला, खांदा वर झटकला, दोरा कचकन ताणला, आणि त्या हिसक्यासरशी त्याला आठवलं: धाव. तो धावला. उशिरा धावला, पोहोचला नाही, पण धावला.

पहिल्या दिवशी दोरा चौदा वेळा ताणला. संध्याकाळी मावशीने सैल झालेले टाके मोजूनच सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात आकडा सहावर आला आणि खुंटा जरा खूश झाला. तेवढ्यात नवीनच भानगड. उजवा बांधलाय म्हटल्यावर डावा हात उठायला लागला. जन्मात कधी न उठलेला डावा हात!

"हात गेला, सवय राहिली," मावशी म्हणाली आणि डावी बाहीही शिवली.

दोन्ही हात शिवलेला माणूस पडला की सावरायला काही उरत नाही. खुंटा तोंडावर आपटला, आणि तिसऱ्यांदा मोडता मोडता नाक वाचलं. ओठ फुटला तो फुटलाच. डॉक्टर म्हणाले, हे काय खूळ आहे. कोच लांबून बघत होता. खुंटा थुंकला, उठला आणि म्हणाला, "परत टाक चेंडू." हलवून खुंटा बळकट म्हणतात, ते त्या दिवसांत मैदानावर रोज बघायला मिळत होतं.

पाचव्या आठवड्यात दोरा एकदाच ताणला. सहाव्यात एकदाही नाही. सातव्यात मावशीने सगळे टाके कापले आणि म्हणाली, "आता मोकळा सोडून बघू." हात मोकळा होता आणि खालीच राहिला. पण सरावात खाली राहणं वेगळं. सामन्यात त्याला कोण उतरवणार? शिडी बरा खेळत होता. खुंटा दर आठवड्याला बाकावर बसायचा, गुडघ्याला मलम चोळायचा आणि तसाच उठून घरी जायचा. आठ सामने असेच गेले.

नववा सामना मोसमातला शेवटचा. दरम्यान क्लबची अवस्था नाजूक झाली होती. हरलो तर खालच्या गटात, बरोबरी झाली तरी वाचलो. मैदान खच्चून भरलं होतं. बायको मुलीला घेऊन आली होती. खरं तर मुलगीच तिला घेऊन आली होती.

सत्तर मिनिटं झाली, शून्य-शून्य. एकाहत्तराव्या मिनिटाला शिडीच्या जोडीला खेळणाऱ्या कॅप्टनची पोटरी गेली. तो मैदानात बसला आणि उठेना. कोच बाकाकडे वळला. बाकावर बचावपटू एकच होता.

"खुंट्या."

खुंटा नाव घेण्याआधीच उभा होता. जर्सी चार नंबरचीच, उजवी काख मावशीने सकाळीच नव्याने शिवलेली. तो आत शिरला तेव्हा समोरच्या संघाच्या पाठीराख्यांनी, पाच-सहा हजारांनी, एकदम उजवा हात वर केला आणि ओरडले, "मॅडम, जाऊ का?" शाळेतला विनोद तिथवर पोहोचला होता. खुंट्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लाज वाटली, सरळ लाज वाटली. त्याने नाड्या टाचेमागून वेढा देऊन पुन्हा आवळल्या आणि शिडीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

सतरा मिनिटं त्याने डोक्याने, छातीने, मांडीने, मिळेल त्याने चेंडू परतवला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला समोरच्यांच्या मधल्या फळीतून एक लांब पास उठला. बचावाचे चौघे ठरल्याप्रमाणे पुढे सरकले आणि समोरचा फॉरवर्ड मागे सुटला. होता का तो ऑफसाइड? मला विचाराल तर होता. खुंट्यालाही तसंच वाटलं. त्याचा खांदा हलला, दंडात जुनी कळ आली, आणि त्याच क्षणी शेजारी एक हात वर गेला. शिडीचा. तो बघून डावीकडचा हात वर करून थांबला, उजवीकडचाही थांबला, मधल्या फळीतल्या दोघांनीही हात वर केले. पाच जण हात वर करून लाइनमनकडे बघत उभे. लाइनमनचा झेंडा खाली.

खुंटा धावत होता.

चौतीस वर्षांचा माणूस आणि टाके घातलेला गुडघा, वेग तो काय असणार! फॉरवर्ड त्याच्या आठ पावलं पुढे. पण गोलकीपर पुढे आल्यामुळे त्याला चेंडू बाजूला काढावा लागला, आणि तेवढ्यात आठाची चार झाली. त्याने गोलकीपरला चकवून चेंडू हळूच रिकाम्या गोलकडे सरकवला. जोरात मारायची गरजच नव्हती, कारण अडवायला कुणी नव्हतं असं त्याला वाटत होतं. चेंडू आरामात घरंगळत निघाला. खुंट्याने अंग झोकून दिलं, गवतावरून घसरत गेला, आणि रेषेवर अर्धा आत अर्धा बाहेर असलेल्या चेंडूला त्याच्या डाव्या बुटाची टाच लागली. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. खुंटा मात्र जाळ्यात गेला आणि त्याला बाहेर काढायला दोघे लागले.

पुढचा कॉर्नर त्यानेच डोक्याने उडवला. मग शिट्टी वाजली. शून्य-शून्य.

सगळे एकमेकांच्या अंगावर पडत होते तेव्हा कोच त्याच्यापाशी आला. यादीबद्दल काही बोलला नाही, यादी बदलणार नव्हती. फक्त त्याचा उजवा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. खुंट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने पुसलंही नाही.

धुलाईच्या खोलीत मावशीने चार नंबरची जर्सी उलटी केली आणि काखेत बोट घातलं. बोट आत जाईना. तिने दोनदा दाबून बघितलं. मग दुसरी जर्सी उचलली, शिडीची. तिथे बोट आरपार.

शिडी दारात उभा होता, मान खाली. "दादा, आज मी बुडवलंच होतं. पण खरं सांगू? हात वर करायला मी तुमच्याकडूनच शिकलो. लहानपणापासून तुमचंच बघत आलो."

हे मात्र खुंट्याला फोटोपेक्षा जास्त लागलं. खिळ्यावरची ती सरावाची जुनी जर्सी काढून त्याने मावशीपुढे ठेवली.

"मावशी, हिच्या बाह्या परत शिव. जरा लांब कर, हा शिडी आहे." आणि शिडीला म्हणाला, "उद्या साडेसातला ये."

"दादा, मोसम संपला."

"म्हणूनच म्हणतोय. माझा संपला. तुझा हात पुढचा मोसम लागायच्या आत खाली आणायचाय."

सोमवारच्या पेपरात पुन्हा फोटो आला. फोटोग्राफरनेही बहुधा तेच बघितलं होतं जे सगळे बघत होते. मध्यभागी पाच खेळाडू, पाचांचे हात वर. फॉरवर्ड पळतोय. आणि कोपऱ्यात, चौकटीच्या कडेला अर्धा कापला गेलेला एक पाठमोरा माणूस, जर्सीवरचा आकडाही पुरता दिसत नाही.

"अठरा वर्षांनी धड फोटो आला तोही अर्धा," बायको म्हणाली. "त्यांना सांग, उरलेला अर्धा पाठवा."

मुलीने फोटो कापून वहीवर चिकटवला आणि शाळेत नेला. दुपारी खुंटा तिला आणायला गेला तेव्हा फाटकापाशी मुलांचा घोळका होता. मध्ये ती, हातात वही.

"पण यात तुझे बाबा कुठेत?" एक मुलगा विचारत होता. "सगळे तर सारखेच दिसतायत."

"सोपंय," ती म्हणाली. "ज्याचा हात खाली आहे ना, ते माझे बाबा."